फोनच्या पलीकडचा जॉन

जॉनचं आडनाव शेवटपर्यंत कळत नाही. ‘द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट’ हा २०१३चा सिनेमा चांगला तीन तासांचा आहे आणि त्यात जॉन जेमतेम दोन-तीन मिनिटं आहे, तेही नुसता आवाज म्हणून. १९ ऑक्टोबर १९८७ला डाऊ जोन्स हा शेअर निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला, त्या धक्क्यात सिनेमाचा नायक जॉर्डन बेलफोर्ट याची वॉल स्ट्रीटवरची नोकरी गेली, आणि आता तो लाँग आयलंडवर, दुकानांच्या रांगेतल्या एका कळकट ऑफिसात येऊन बसला आहे. टेबलांवर कागदांचा पसारा, दलालांच्या अंगावर घरातलेच कपडे, संगणकाचा पत्ता नाही. भाव बघायचे ते गुलाबी कागदावर छापलेल्या यादीत. मोठ्या कंपन्यांच्या शेअरवर दलालाला एक टक्का सुटतो, इथे पन्नास टक्के, हे ऐकून जॉर्डन क्षणभर गप्प होतो. मग नंबर फिरवतो. पलीकडे जॉन. एरोटाइन नावाच्या कंपनीचं रडार ओळखणारं यंत्र, लवकरच मिळणारं पेटंट, सैन्याला लागणारा माल, असं सगळं तो ठेवणीतल्या आवाजात सांगत जातो. सहा हजार डॉलर लावले तर साठ हजार होतील म्हटल्यावर जॉन थबकतो आणि म्हणतो, एवढ्यात तर माझं घराचं कर्ज फिटेल. त्या एका वाक्यावर सौदा होतो. चार हजार डॉलर, दहा सेंटच्या भावाने चाळीस हजार शेअर. फोन खाली ठेवेपर्यंत ऑफिसातले सगळे आपापलं काम सोडून जॉर्डनभोवती उभे राहिलेले असतात. दोन हजार डॉलर एका फोनमध्ये.

या प्रसंगात एक गोष्ट सारखी टोचते. जॉर्डन एरोटाइनची स्तुती करत असताना दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी आपल्याला ती कंपनी दाखवतो. लाकडी, पडकी, गॅरेजएवढी शेड आणि वर पाटी. म्हणजे आपल्याला फसवायचं नाही अशी सिनेमाची दक्षता आहे, माल खोटा आहे हे त्याने डोळ्यांपुढे ठेवलं.

जॉनचं घर मात्र दाखवलं नाही.

त्याचे चार हजार कुठे गेले हे समजून घेण्यासारखं आहे, कारण या धंद्यात चोरी होते ती दिवसाढवळ्या आणि हिशेबात धरून. चिल्लर भावाच्या शेअरमध्ये दलाली वेगळी लावून बिलावर दाखवायची गरज नसते, ती भावातच मुरलेली असते. दलाल स्वतः पाच सेंटला घेतो आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात दहा सेंटला मारतो. फोन ठेवला त्या क्षणी जॉनच्या चार हजारांचे दोन हजार झालेले असतात, आणि नुसती मुद्दल परत मिळवायची तरी भाव दुप्पट व्हायला हवा. तो दुसऱ्या दिवशी विकायला निघाला तर पाच सेंटलाही घेणारा भेटेलच असं नाही, कारण त्या शेअरला बाजारच नसतो. बाजार म्हणजे तोच दलाल आणि त्याचा फोन. पुढे बेलफोर्ट स्वतःची पेढी काढतो तेव्हा हेच तंत्र मोठ्या मापात होतं. आधी आपल्याच माणसांच्या नावावर शेअरचा साठा स्वस्तात करून ठेवायचा, मग शंभर फोनांवरून एकदम मागणी उभी करून भाव चढवायचा, आणि चढत्या भावात आपला साठा त्याच गिऱ्हाइकांना विकायचा. या साखळीत शेवटचा माणूस लागतोच. तो नसेल तर नफ्याचा पैसा येणार कुठून? म्हणून जॉन हा कथेतला किरकोळ माणूस नव्हे. तीन तासांत दिसणारी प्रत्येक गाडी, प्रत्येक बोट त्याच्या पैशातून आलेली आहे.

चेहरा न दाखवण्याला व्यवहारी कारणंही आहेत आणि ती खोटी नाहीत. एका घराचा प्रसंग घ्यायचा म्हणजे युनिट हलवायचं, दिवे उतरवून पुन्हा चढवायचे, दोन वाक्यांसाठी अर्धा दिवस घालवायचा. त्यापेक्षा आवाज नंतर ध्वनिमुद्रण करून चिकटवणं सोपं. टेलिफोनची जुनी तार साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यातलाच आवाज वाहून नेते. ध्वनिमिश्रण करणारे तेच करतात, नटाचा स्वच्छ आवाज घेऊन त्याच्या खालचा आणि वरचा भाग कापून टाकतात. खालचा गेला की आवाजातली छाती जाते, वरचा गेला की श्वास जातो. उरतो तो डब्यातून आल्यासारखा, किरटा, जरा बावळटच वाटणारा आवाज. त्याच वेळी जॉर्डनचा आवाज भरदार, खोलीभर घुमणारा. जॉन मूर्ख आहे असं पटकथेत कुठेही लिहिलेलं नाही, पण कानाला तसं वाटतं. आणि खोलीतले दलाल हसतात तेव्हा थिएटरही हसतं.

अमेरिकन सिनेमाने पैशाकडे नेहमीच असं पाहिलं असं नाही. एरिक फॉन स्ट्रोहाइमच्या ‘ग्रीड’मध्ये, १९२४ साली, पैसा हाताला लागतो. नायिका ट्रीनाला सोडतीत पाच हजार डॉलर मिळतात आणि त्यानंतर ती दर वर्षी थोडी थोडी आत आक्रसत जाते. नाणी घासून लखलखीत करते, अंथरुणावर पसरून त्यांच्यात झोपते. सिनेमा काळापांढरा, पण काही प्रतींमध्ये सोन्याच्या वस्तूंवर पिवळा रंग चढवला होता, म्हणजे करड्या जगात डोळा दुसरीकडे जाऊच नये. शेवट भर उन्हाळ्यात खऱ्या डेथ व्हॅलीत जाऊन चित्रित केला. पाणी सांडलेलं, खेचर मेलेलं, सोन्याची थैली शेजारी आणि दोन माणसं एका बेडीत अडकलेली. मूकपट असल्यामुळे तिथे कुणाचा आवाज येत नाही, आणि कदाचित म्हणूनच कुणी चेहऱ्यावाचून राहत नाही. ज्याचं जातं आणि जो नेतो, दोघंही एकाच चौकटीत असतात.

त्यानंतर बावीस वर्षांनी आलेल्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मध्ये तर पलीकडचा माणूस हाच विषय आहे. लग्नाच्या दिवशी, भर पावसात, जॉर्ज बेलीच्या पतपेढीवर लोकांची झुंबड उडते. सगळ्यांना आपापले पैसे आत्ता हवे आहेत. गावातला धनाढ्य पॉटर डॉलरला पन्नास सेंट देऊन लोकांची खाती विकत घ्यायला टपलेला. जॉर्ज काउंटरवर हात टेकून जे सांगतो त्यात पतपेढी म्हणजे काय ते पूर्ण आलं: तुमचा पैसा इथे तिजोरीत नाही, तो ज्योच्या घरात आहे, केनेडींच्या घरात आहे, मॅकलिनबाईंच्या घरात आहे. अर्थशास्त्राच्या वर्गात ठेवी आणि कर्जं यांचा ताळेबंद शिकवायला तास लागतो. इथे एका श्वासात झालं, कारण तो बोट दाखवत होता तीच माणसं समोर उभी होती. मग मधुचंद्रासाठी बाजूला ठेवलेले दोन हजार डॉलर बायको पुढे करते आणि वाटप सुरू होतं. पहिला गडी हट्टाने खात्यातले सगळे, दोनशे बेचाळीस डॉलर, मागून घेतो. पुढचे जरा वरमतात, वीस वीस घेतात. आणि मग मिसेस डेव्हिस येतात आणि हळूच विचारतात, साडेसतरा मिळतील का?

साडेसतरा. तिने घरी बसून वाण्याचं, दुधाचं, भाड्याचं मनातल्या मनात मोजलं असणार, तेव्हाच असा सुट्टा आकडा येतो. जॉर्ज काउंटरवरून वाकून तिचा गालगुच्चा घ्यावा तसा मुका घेतो. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला दोन डॉलर शिल्लक राहतात आणि पतपेढी वाचते. अमेरिकन सिनेमात पैशाबद्दलचं इतकं नेमकं आणि इतकं माणुसकीचं दृश्य दुसरं सापडणं कठीण. गंमत म्हणजे याच सिनेमात पॉटर जॉर्जचे आठ हजार डॉलर दाबून बसतो आणि त्याला कुणी पकडत नाही. भोक गावकरी वर्गणी काढून बुजवतात. गेलेला पैसा चोराकडून परत येत नाही, तो शेजारी भरून देतात, ही अमेरिकन गोष्टीतली जुनी जखम आहे आणि सुखान्ताच्या घंटेखाली ती झाकली जाते.

मग ऐंशीचं दशक आलं आणि पैसा सूत्रधाराच्या हातातली जादू झाला. ‘ट्रेडिंग प्लेसेस’मध्ये संत्र्याच्या गोठवलेल्या रसाच्या वायद्याचा जो शेवट आहे तो बाजार कळणाऱ्याने एकदा कागद घेऊन सोडवून बघावा. एक करार पंधरा हजार पौंडांचा. पीक बुडालं अशा खोट्या बातमीने भाव चढलेला असताना दोघं नायक १४२ सेंटला विकतात, हातात माल नसताना. मग खरा पीक-अहवाल येतो, भाव गडगडतो आणि ते २९ सेंटला परत घेतात. पौंडामागे ११३ सेंट, म्हणजे करारामागे १६,९५० डॉलर. असे हजारो करार. दुष्ट ड्यूक बंधू ३९.४ कोटी डॉलरच्या देण्यात बुडतात आणि आपण टाळ्या वाजवतो. पण त्या कोंडाळ्यात हात वर करून १४२ला घेणारे एकटे ड्यूक नव्हते. ड्यूकचा माणूस घेतोय हे बघून बाकीचेही तुटून पडले होते. प्रत्येक विकण्यासमोर एक घेणं असतं. त्या घेणाऱ्यांचं संध्याकाळी काय झालं, हे विचारायला सिनेमा थांबत नाही, तो सरळ समुद्रकिनाऱ्यावर जातो. या नायकांसारखा सरकारी अहवाल आधी मिळवून वायद्यात पैसा करणं तेव्हा गुन्हाही नव्हता. २०१०च्या डॉड-फ्रँक या अमेरिकी वित्त कायद्याने ती वाट बंद केली आणि त्या कलमाला लोक या सिनेमातल्या नटाच्या नावाने एडी मर्फीचा नियम म्हणू लागले.

‘वॉल स्ट्रीट’ १९८७च्या डिसेंबरात लागला, कोसळलेल्या बाजारानंतर अवघ्या दोन महिन्यांनी. ऑलिव्हर स्टोनने तो आपल्या वडिलांना अर्पण केला, जे स्वतः शेअर दलाल होते. सिनेमा त्यातल्या धनदांडग्या खलनायकाच्या, गेकोच्या विरोधात आहे, याबद्दल शंका नको. शेवटी जोर नायकाच्या बापाच्या, त्या विमान-मेकॅनिकच्या बाजूने पडतो. पण भागधारकांच्या सभेत गेको बोलायला उभा राहतो तेव्हा तो कंपनीच्या ३३ उपाध्यक्षांचा, प्रत्येकाच्या दोन लाखांहून जास्त पगाराचा हिशेब मांडतो, आणि हिशेब पटतो. खलनायकाच्या तोंडी खरा आकडा दिला की त्याला हरवणं अवघड होतं. पुढच्या पिढीने त्याचंच बोट धरलं. २०००च्या ‘बॉयलर रूम’मध्ये फोनवरून बनावट शेअर विकणारी पोरं रात्री एकत्र बसून ‘वॉल स्ट्रीट’ लावतात आणि पडद्यासोबत संवाद म्हणतात, आपल्याकडे जत्रेत ओव्या म्हणाव्यात तसे, पाठ.

त्याच ‘बॉयलर रूम’ने मात्र एक धाडस केलं. त्याने हॅरी दाखवला. हॅरी खाण्यापिण्याच्या मालाच्या कंपनीत खरेदी बघतो. घर घ्यायला बाजूला ठेवलेले पैसे तो फोनवरच्या पोराच्या शब्दावर घालवतो, आणखी घालतो, आणि घर तर राहतंच, बायकोही मुलांना घेऊन निघून जाते. हॅरीच्या स्वयंपाकघरात कॅमेरा गेला की सिनेमाची चालच बदलते. त्यानंतर नायकाच्या तोंडचं विकण्याचं कसब ऐकवत नाही. शेवटी नायकाला एकच गोष्ट करायची असते: हॅरीचे शेअर विकण्याच्या चिठ्ठीवर सही मिळवायची, म्हणजे निदान त्याचे पैसे सुटतील. एक चेहरा दाखवला तर एवढं होतं. हे दिग्दर्शकांना ठाऊक असतं, आणि म्हणूनच ते बहुधा दाखवत नाहीत. २०१५च्या ‘द बिग शॉर्ट’मध्ये असा एक क्षण आहे. फ्लोरिडात दार उघडणाऱ्या भाडेकरूला कळतं की आपण वेळेवर भाडं देतोय पण मालकाने हप्ते भरलेले नाहीत, आणि गहाणखत तर मालकाच्या कुत्र्याच्या नावावर आहे. पुढे तेच कुटुंब गाडीत राहताना ओझरतं दिसतं.

या सगळ्यांत मनात सर्वांत खोल रुतून बसतो तो ‘ग्लेनगॅरी ग्लेन रॉस’मधला लिंक. १९९२चा सिनेमा, जमिनी विकणाऱ्या दलालांचं ऑफिस, बाहेर रात्रभर पाऊस. पहिल्या बक्षिसाला कॅडिलॅक, दुसऱ्याला सुऱ्यांचा संच, तिसऱ्याला नोकरीवरून हकालपट्टी. इथेही गिऱ्हाईक म्हणजे आधी नुसतं कार्डावरचं नाव. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जेम्स लिंक दारातून आत येतो. आदल्या रात्री रोमा नावाच्या दलालाने त्याला बारमध्ये बसवून जमीन गळ्यात मारली आहे, बायकोने त्याला सौदा मोडायला पाठवलंय. कायद्याने तीन कामाचे दिवस मिळतात. रोमाचं सगळं कौशल्य आता त्या तीन दिवसांत घोळ घालण्यात लागतं: अमुक वार धरत नाहीत, चेक वटला नाही तोवर मुदत सुरूच होत नाही, सोमवारी निवांत बसून बोलू. म्हणजे लिंकला वाटावं वेळ आहे आणि वेळ निघून जावा. लिंक हात चोळत, नजर चुकवत उभा असतो, आपल्याला अधिकार नाही म्हणतो. ऑफिसचा मॅनेजर मदत करायला जातो आणि चेक काल दुपारीच बँकेत गेला असं बोलून बसतो, तेव्हा लिंकला सगळं उमगतं. तो निघतो. आणि जाता जाता रोमाचीच माफी मागतो, मी तुमचा अपेक्षाभंग केला म्हणून.

लुटला गेलेला माणूस लुटणाऱ्याची माफी मागतो. जॉनचा चेहरा दिसला असता तर तो असाच असता.

२०११च्या ‘मार्जिन कॉल’मध्ये पुन्हा सगळं फोनवर आलं. एका रात्रीत बँकेला कळतं की आपल्याकडचे गृहकर्जांचे रोखे कवडीमोल आहेत. सकाळी बाजार उघडल्यावर, इतरांना कळायच्या आत, ते सगळे विकायचे. ज्याने आपल्या वाट्यातले ९३ टक्के खपवले त्याला १४ लाख डॉलर, सगळ्या मजल्याने ९३ टक्के गाठले तर प्रत्येकी आणखी १३ लाख. ही रक्कम बक्षिसाची नाही. आयुष्यभराच्या ओळखीपाळखी आज एका दिवसात विकायच्या, त्याची ती किंमत आहे, आणि विक्री विभागाचा प्रमुख सॅम रॉजर्स हे आपल्या माणसांपासून लपवत नाही. मग फोन सुरू होतात. पलीकडचा ओळखीचा दलाल थट्टा करतो, मग संशय घेतो, मग भाव पाडतो. डॉलरला इतके सेंट, मग त्याहून कमी. पॉटरने काउंटरवर डॉलरला पन्नास सेंट म्हटलं होतं, भाषा तीच राहिली, समोरचा माणूस तेवढा तारेत गेला. शेवटी सॅम रात्री अंगणात फावड्याने खड्डा खणतो, त्याची आजारी कुत्री गेलेली असते. तिला माती दिलेली आपण बघतो. दिवसभर फोनवर ज्यांना बुडवलं त्यातल्या एकाचाही चेहरा आपण बघत नाही. तरी याच सिनेमात बँकेतला एरिक डेल पायरीवर बसून आपण इंजिनीअर असताना बांधलेल्या पुलाचा हिशेब सांगतो. ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या दोन गावांमधला पूल, दिवसाला १२,१०० माणसं, प्रत्येक फेरीला ३५ मैल वाचलेले, बावीस वर्षं. त्याच्या हिशेबाने, सगळ्यांचं मिळून गाडीत वाया न गेलेलं १,५३१ वर्षांचं आयुष्य. तोही आकडाच आहे, पण हा आकडा पलीकडच्या काठावरच्या माणसांसाठी मोजलेला आहे.

जॉनकडे परत यायचं तर आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ‘वुल्फ’ला पैसा पुरवला तो रेड ग्रॅनाइट पिक्चर्सने. मलेशियाच्या ‘वनएमडीबी’ या सरकारी निधीतून वळवलेला पैसा या सिनेमात लागला, असा आरोप अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१६ साली केला, आणि २०१८ साली रेड ग्रॅनाइटने चूक कबूल न करता ६ कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. आरोप खरा धरला तर फसवणुकीवरच्या या सिनेमाचं एकेक दृश्य क्वालालंपूरच्या, पेनांगच्या कुणा करदात्याच्या खिशातून चितारलं गेलं. त्याला तर फोनसुद्धा आला नव्हता. खऱ्या बेलफोर्टला २००३ साली शिक्षा झाली तेव्हा कोर्टाने सुमारे ११ कोटी डॉलर बुडालेल्यांना परत करायला सांगितले. ते बुडालेले दीड हजारांहून जास्त होते. सिनेमात त्यांची यादी नाही.

पण स्कोर्सेसीने एक जागा सोडली आहे. अगदी शेवटी, तुरुंगातून सुटलेला जॉर्डन ऑकलंडमध्ये विक्रीचं तंत्र शिकवायला व्यासपीठावर येतो. त्याची ओळख करून द्यायला खुद्द खरा बेलफोर्ट उभा असतो. जॉर्डन खाली उतरतो, पहिल्या रांगेतल्या एकाच्या हातात पेन देतो आणि म्हणतो, हे मला विक. तो अडखळतो. पेन दुसऱ्याच्या हातात. तोही अडखळतो. मग कॅमेरा जॉर्डनला सोडून हळूहळू वर उचलला जातो आणि खुर्च्यांवरची माणसं दिसू लागतात, रांगांमागून रांगा, साध्या कपड्यांतली, मान जरा उंचावून, तोंड किंचित उघडं ठेवून त्याच्याकडे बघणारी. तीन तासांत पहिल्यांदाच दिवा त्यांच्या बाजूला आहे. कुणी काही बोलत नाही.